एकाला हवं, दुसऱ्याला नको: इच्छेतली तफावत आणि एकनिष्ठेचा प्रश्न नवरा-बायकोने कसा हाताळावा

लग्नाला सात-आठ वर्षं झालेली असतात. एकाला जवळीक हवी असते, दुसऱ्याला ती नकोशी झालेली असते. महिनोन्‌महिने यावर कुणी बोलत नाही. मग एखाद्या भांडणात वाक्य येतं, "तुला नकोच असेल तर मी बाहेर बघू का?" किंवा कुणीतरी इंटरनेटवर बरंच वाचून शांतपणे विचारतं, "आपण लग्न थोडं खुलं ठेवलं तर?" तिथून पुढे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात आणि सगळी चर्चा त्या गुंत्यातच फिरत राहते.

माझं मत आधीच सांगते. इच्छा कमी-जास्त असणं हा एक प्रश्न आहे आणि लग्नात शरीरसंबंध फक्त एकमेकांशीच असावेत का, हा दुसरा. पहिल्याचा उपाय म्हणून दुसरा पुढे केला की दोन्ही बिघडतात, कारण ज्याची इच्छा कमी आहे त्याच्यापुढे दोनच दारं उरतात: मन मारून हो म्हण, नाहीतर जोडीदार वाटून घे. अशा कोंडीत दिलेल्या होकाराला मी संमती मानत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी इच्छेचा प्रश्न पूर्ण हाताळा, त्यासाठी सहा महिने तरी द्या, आणि तोपर्यंत लग्नाच्या वेळी जे गृहीत होतं तेच दोघांनी पाळा.

आणखी एक गोष्ट. घरात जबरदस्ती, मारहाण किंवा "नाही दिलंस तर पैसे बंद" अशा धमक्या असतील तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे तफावतीचा प्रश्नच नाही, हिंसेचा आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ यात लैंगिक छळाचाही समावेश आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

पायरी १: दोन कागद

दोघांनी वेगवेगळं बसून लिहा, एकमेकांना दाखवायची घाई नको. पहिल्या कागदावर इच्छेबद्दल: मला नेमकं काय कमी पडतंय? संभोग, साधा स्पर्श, की आपण कुणाला तरी हवेसे आहोत ही भावना? हे कधीपासून बदललं आणि त्या सुमारास घरात काय घडत होतं? बाळंतपण, नोकरी जाणं, वडिलांचं आजारपण, गर्भपात, कर्ज, जे असेल ते लिहा. दुसऱ्या कागदावर एकनिष्ठेबद्दल: माझ्या मते काय चालतं, काय चालत नाही? हा दुसरा कागद घडी घालून ठेवून द्या. तो बऱ्याच नंतर उघडायचा आहे.

लिहिताना एक समजूत सोडून द्या, की जास्त इच्छा नेहमी नवऱ्यालाच असते. कितीतरी घरांत बायकोला हवं असतं आणि नवरा कूस बदलतो. तिची अडचण दुहेरी असते. मैत्रिणी नवऱ्याच्या मागणीबद्दल कुरकुरत असताना ती आपलं दुःख कुठे बोलणार?

पायरी २: आधी डॉक्टर

मनात दोष शोधण्याआधी शरीर तपासून घ्या. थायरॉइड, मधुमेह, रक्तातली लोहाची कमतरता, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं, यांतल्या कशानेही इच्छा मंदावते. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचाही तो परिणाम असतो. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध किंवा मात्रा बदलता येते.

स्तनपान चालू असताना प्रोलॅक्टिन जास्त आणि इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो आणि संबंध दुखतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी डॉक्टर 'आता हरकत नाही' म्हणतात, पण त्याचा अर्थ इच्छा परत आली असा होत नाही. पाळी जाण्याच्या वयातही हाच कोरडेपणा येतो. त्यावर पाण्याचं वंगण, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी जेली, उपयोगी पडते आणि गरज असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल वापरलं जातं. निरोध वापरत असाल तर ते टाळा, तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. काही स्त्रियांचे योनीभोवतीचे स्नायू नुसत्या कल्पनेनेही घट्ट आवळले जातात. ते त्या मुद्दाम करत नाहीत, आणि फिजिओथेरपी व टप्प्याटप्प्याचा सराव यांनी हे बरं होतं. दुखणं सहन करत संबंध ठेवणाऱ्या बाईची इच्छा मरणारच. तिला 'थंड' म्हणणं हा अन्याय आहे.

पुरुषाला ताठरता येत नसेल तर तो बहुतेकदा बायकोलाच टाळू लागतो आणि तिला वाटतं, त्याला मी आवडेनाशी झाले. चाळिशीपुढे ही तक्रार हृदयविकाराची आधीची खूण असू शकते, म्हणून साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासाच. मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेसाठीची, गोळी परस्पर घेऊ नका. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, उदाहरणार्थ सॉर्बिट्रेट, चालू असताना ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. आणि भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांत 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' म्हणून ज्यांची पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांच्याकडे पाऊलही टाकू नका. वीर्यनाशाची भीती घालून हजारो रुपये उकळणं हाच त्यांचा धंदा आहे. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ.

पायरी ३: घर आणि दिवस तपासा

समजा, डोंबिवलीतलं एक वन-बीएचके. तो सकाळी फास्ट लोकलला लटकून जातो, रात्री पावणेनऊला परततो. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, पाच वर्षांची मुलगी दोघांच्या मधोमध. ती ठाण्याला नोकरी करते. घरी येऊन स्वयंपाक, मुलीचा गृहपाठ, सासूबाईंच्या गोळ्या, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं. साडेअकराला ओटा पुसून, गॅस बंद केल्याची खात्री करून ती आडवी होते आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर येतो. दिवसभरातला हा पहिला स्पर्श आणि तो थेट मागणी घेऊन आलेला. बेडरूमच्या दाराची कडी वर्षभर नीट बसत नाही. हॉलमधून खोकल्याचा आवाज येतो. ती पाठ फिरवते. तो अंधारात छताकडे बघत पडून राहतो आणि मनाशी ठरवतो की हिला आपण नकोसे झालोय. तिच्या मनात मात्र एवढंच असतं की निदान आता तरी कुणी काही मागू नये.

या जोडप्याने खुल्या लग्नाचा विचार करण्याआधी कडी बदलावी. मी हे अगदी मनापासून सांगतेय. सुताराला बोलवा. मुलीला आठवड्यातून दोन रात्री आजीजवळ झोपायची सवय लावा. आजीला कारण सांगायची गरज नाही, आजी समजतात. रविवारी दुपारी आजी-नात देवळात किंवा बागेत जातात तो दीड तास कपाट आवरण्यात घालवू नका. रात्रीचा स्वयंपाक तिच्याकडे असेल तर भाजी निवडणं, गोळ्या आणि ओटा त्याने घ्यावा. मात्र 'मी भांडी घासली, आता तू' असा हिशोब लावला की तेही ओझंच होतं. घरकाम घरासाठी करायचं. त्यातून तिचा जीव मोकळा झाला तर इच्छेला जागा मिळते, एवढंच.

पायरी ४: बोलणं

बिछान्यात बोलू नका. नकार मिळाल्यावर लगेच तर नाहीच. गच्चीवर, चालायला गेल्यावर, मुलं शाळेत असताना, अर्धा-पाऊण तास आधी ठरवून बोला. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना हे विषय सोपे जातात.

सुरुवात स्वतःपासून करा. "तू मला कधी हातच लावू देत नाहीस" हे वाक्य समोरच्याला पिंजऱ्यात उभं करतं. त्याऐवजी: "अगं, गेले काही महिने मला फार एकटं वाटतंय. तुझ्यावर जबरदस्ती करायची नाहीये. पण तुला काय वाटतं ते मला कळत नाही आणि ते कळावं असं वाटतं." ज्याची इच्छा कमी आहे त्यानेही फक्त 'दमलेय' म्हणून थांबू नये. "मला तू आवडतोस रे. पण तू जवळ आलास की आता पुढे सगळं करावंच लागणार, या भीतीने मी आधीच आखडते," हे इतकं स्पष्ट वाक्य बरंच काही सोडवतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून घेऊन 'तू असं म्हणतेस ना?' एवढंच विचारायचं. पहिल्या बोलण्यात निकाल लावायचा नाही.

शब्द सुचत नाहीत, ही अडचण खरी आहे. घरात हे विषय शिव्यांत तरी येतात नाहीतर कुजबुजत. पण मराठीत यावर नीट बोलण्याची परंपरा जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या कामजीवनाबद्दलच्या प्रश्नांना त्यात छापील उत्तरं दिली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. नव्वद वर्षांपूर्वी अनोळखी वाचक संपादकाला जे लिहू शकले, ते स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगायला आज संकोच कशाचा?

हा विषय आईकडे, वहिनीकडे किंवा मावशीकडे नेऊ नका. नातेवाइकांची बैठक बसली की कुणाचं तरी नाक कापलं जातं आणि ते पुढच्या प्रत्येक कार्यात आठवलं जातं.

पायरी ५: दडपण काढा, स्पर्श परत आणा

इच्छा दोन प्रकारे येते. काहींना ती आपोआप येते, काही कारण लागत नाही. काहींना आधी निवांतपणा, जवळीक, स्पर्श मिळतो आणि मग इच्छा जागी होते. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हा दुसरा क्रम मांडला, तो प्रामुख्याने दीर्घ नात्यातल्या स्त्रियांबद्दल. पण पुरुषांतही तो दिसतो. पहिल्या प्रकारच्या माणसाला दुसऱ्याचा थंडपणा वाटतो, दुसऱ्याला पहिल्याचा हावरेपणा. प्रत्यक्षात दोघंही निरोगी असतात.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेत तयार केलेली आणि १९७० साली प्रसिद्ध केलेली स्पर्शाची एक पद्धत समुपदेशक आजही शिकवतात. ती घरीही करता येते. पहिले दोन-तीन आठवडे संभोग पूर्णपणे बंद, दोघांच्या संमतीने. आठवड्यातून दोनदा, दार लावून, फोन बाहेर ठेवून, वीस-तीस मिनिटं. एकाने दुसऱ्याच्या हाताला, पाठीला, पायांना, केसांना सावकाश स्पर्श करायचा. छाती आणि जननेंद्रियं वगळून. मग अदलाबदल. ज्याला स्पर्श होतोय त्याने एवढंच सांगायचं: इथे बरं वाटतं, इथे नको. पुढच्या टप्प्यात वगळलेले भागही सामील करायचे, पण संभोग अजूनही नाही. मग शेवटचा टप्पा, दोघंही तयार असतील तेव्हाच. मधेच इच्छा अनावर झाली तरी नियम मोडू नका, कारण हा स्पर्श पुढे काही मागणार नाही ही खात्री पटणं हाच इथला खरा उपचार आहे. घाईने नियम मोडला की ती खात्री पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

याशिवाय नकाराची रीत ठरवून घ्या. नकार देणाऱ्याने शक्य असेल तर दुसरी वेळ सांगावी: "आज नाही, शनिवारी बघू." नकार घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसू नये. आणि इच्छा जास्त असलेल्याला हस्तमैथुनाचा मार्ग आहे. तो चोरून, अपराधी वाटून करायची गोष्ट नाही. त्याने ताकद जाते ही निव्वळ भीती आहे.

तफावत बहुतेकदा शून्यावर येत नाही. एकाला आठवड्यातून तीनदा आणि दुसऱ्याला महिन्यातून दोनदा हवं असेल तर दोघांनाही पूर्ण मनासारखं मिळणार नाही, आणि तरीही लग्न सुखाचं राहू शकतं. मात्र एखाद्याला मुळातच शरीरसंबंधांची ओढ नसेल, किंवा घरच्यांच्या दबावाने लग्न केलेल्याचा कल समलिंगी असेल, तर वरचे उपाय त्याच्यावर लादू नका. तिथे खरं बोलणं आणि जाणकार समुपदेशक, एवढाच मार्ग आहे.

पायरी ६: आता दुसरा कागद

हे सगळं करून पाहिल्यावरच एकनिष्ठेचा कागद उघडा. आधी व्याख्या जुळवा, कारण 'आपण एकनिष्ठ राहू' यावर एकमत असलेली जोडपीही तपशिलात भांडतात. कॉलेजातल्या मित्राशी रात्री बारा वाजता व्हॉट्सॲपवर बोलणं? ऑफिसातल्या कुणापाशी घरचं दुःख सांगणं? पॉर्न? डेटिंग ॲपवर 'नुसतं बघणं'? प्रत्येकापुढे चालेल, सांगून चालेल, चालणार नाही, असं लिहा आणि कागद एकमेकांच्या हातात द्या.

त्यानंतरही एकाला लग्न खुलं हवं असेल तर त्याने ते कुठल्या गरजेपोटी हवं हे प्रामाणिकपणे सांगावं. काही माणसांना एकाच वेळी एकाहून अधिक नाती हवीशी वाटतात आणि त्यांचं ते मत लग्नात सगळं सुरळीत असतानाही तेच असतं. त्या मताचा आदर करता येतो. पण कुणी ठरावीक माणूस आधीच मनात असेल, तर तुम्ही मत मांडत नसून परवानगी मागताय, हे कबूल करा. आणि संबंध आधीच झालेला असेल, तर 'आता आपण खुलं लग्न करू' हा त्यावरचा उतारा होत नाही. आधी फसवणुकीचं बोला, तो संबंध थांबवा, जखम भरू द्या.

विचारणाऱ्याला एकदा स्पष्ट विचारायचा हक्क आहे. उत्तर 'नाही' आलं तर दर महिन्याला तोच विषय काढणं हा छळ आहे. 'हो म्हण नाहीतर घटस्फोट' हे भांडणात बोलायचं वाक्य नाही. तसंच वाटत असेल तर शांतपणे, विचार करून, समुपदेशकासमोर सांगा. आणि ज्याला नको आहे त्याने आपलं 'नाही' सिद्ध करत बसायची गरज नाही. मला चालणार नाही, हे कारण पुरेसं आहे.

दोघांनाही खरोखर हवं असेल तर बोलणी सोप्या 'नाही'पासून सुरू करा: ओळखीतलं कुणी नाही, घरात नाही, मुलांसमोर नाही. कुणालाही कधीही थांबवता येईल. तिसऱ्या व्यक्तीला तुम्ही विवाहित आहात हे ठाऊक असलं पाहिजे, तिच्याही भावना आहेत. निरोध प्रत्येक वेळी. हिपॅटायटिस बीची लस दोघांनी घ्यावी. तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांची तपासणी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत आणि गुप्त असते, माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. संसर्ग टाळणारी औषधं त्यानंतर उपयोगी पडत नाहीत.

पायरी ७: कायदा थोडक्यात

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे विवाहबाह्य संबंध हा आता गुन्हा नाही. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि विशेष विवाह कायदा, १९५४ या दोन्हींखाली ते घटस्फोटाचं कारण आजही आहे. जोडीदाराने त्याला आधी मान्यता दिली होती का, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायालय पाहतं. पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा या कायद्यांखाली लग्न झालेल्यांसाठी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विवाहबाह्य संबंधात राहणाऱ्या पत्नीची पोटगी नाकारली जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला, कोणतंही शारीरिक किंवा रास्त कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली समर घोष खटल्यात म्हटलं आहे. आपसात लिहिलेल्या कराराच्या भरवशावर राहू नका, एखाद्या वकिलाला तासभर भेटा.

पायरी ८: जमलं नाही तर

समुपदेशक निवडताना फोनवरच विचारा: तुमचं शिक्षण काय, दोघांना एकत्र भेटता का, लैंगिक प्रश्नांवर काम केलंय का? 'बायकोने जरा समजून घ्यायला हवं' किंवा 'पुरुष असेच असतात' असं पहिल्याच भेटीत ऐकू आलं तर दुसरीकडे जा. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात भेटता येतं आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सहा महिने प्रामाणिकपणे देऊनही एकाला खुलं लग्न हवंच असेल आणि दुसऱ्याला ते अशक्य असेल, तर त्यात मधला मार्ग निघत नाही. अर्धं खुलं लग्न नसतं. मग एकाने मनापासून, कुढत न बसता आपली मागणी सोडायची, किंवा सन्मानाने वेगळं व्हायचं. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार योग्य परिस्थितीत न्यायालय तो माफ करू शकतं. कौटुंबिक न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

वेगळं व्हायचं ठरलं तर नातेवाइकांना काय सांगायचं ते दोघांनी आधी ठरवून घ्या. "आमचं पटलं नाही, दोघांनी मिळून ठरवलंय" एवढं सांगून थांबा. कुणाची इच्छा कमी होती आणि कुणाला बाहेर जायचं होतं, हे कुणाच्याही आईला, भावाला किंवा सोसायटीतल्या शेजाऱ्यांना कळायची गरज नाही. मुलांना दोघांनी एकत्र बसून सांगा, परीक्षा संपल्यावर, आणि शनिवार-रविवार कुणाकडे, शाळेत सोडायला कोण, हे त्याच वेळी सांगा. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.